खेड्याची लोकसंख्या आणि उत्पन्न : पिंपळे सौदागरपासून आपल्या वस्तीपर्यंत

प्रास्ताविक

आपल्या सभा-संमेलनांतून एक वाक्य नेहमी ऐकू येते. "गावात माणसे वाढली, म्हणून गरिबी वाढली." दुसरे वाक्यही तितकेच परिचयाचे आहे. "बापजाद्यांच्या जमिनीचे तुकडे झाले, म्हणून घर बुडाले." ही दोन्ही वाक्ये खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती अर्धवट आहेत, आणि अर्धवट निदानावर दिलेले औषध रोग्याला लागू पडत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही हा प्रश्न पाठाच्या रूपाने मांडत आहोत. विद्यार्थी मित्रांनी तो वही-पेन घेऊन वाचावा आणि संस्थेच्या सभासदांनी आपापल्या गावाची आठवण ठेवून वाचावा, एवढीच विनंती आहे.

आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. कर्जाच्या अर्जाला जोडलेला सातबाराचा उतारा आमच्या हातांखालून रोज जातो. एका गट नंबरावर कधी सात, कधी अकरा नावे असतात. कोणी मुंबईला, कोणी सुरतेला, कोणी मयत, तर कोणाच्या वारसाची नोंद व्हायची आहे. तो एक कागद म्हणजे त्या घराच्या तीन पिढ्यांचा इतिहासच होय. तो नीट कसा वाचावा हे शिकायचे असेल तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका पाहणीपासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल.

१. एका खेड्याची पाहणी

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पवना नदीकाठच्या पिंपळे सौदागर या छोट्या खेड्याची घरोघर पाहणी केली. तिचा अहवाल १९१७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. पुण्या-मुंबईची अर्थशास्त्राची मंडळी तोपर्यंत संपूर्ण जिल्ह्याचे वा इलाख्याचे आकडे घेऊन वाद घालीत असत. डॉ. मान यांनी मात्र एकच गाव घेतले. त्या गावात जमीन कोणाकडे किती, पीक काय, कर्ज किती, घरात खाणारी तोंडे किती आणि कमावणारे हात किती, याचा हिशेब त्यांनी मांडला.

जुन्या दप्तरांवरून त्यांनी जमिनीच्या वाटणीचा जो आलेख काढला तो पाहण्यासारखा आहे. १७७१ साली, म्हणजे पेशवाईत, या गावात खातेदारामागे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा ती साडेसतरा एकर झाली होती. १८२० ते १८४० च्या दरम्यान ती १४ एकर झाली आणि १९१४-१५ साली अवघी ७ एकर उरली. शेकडा ८१ खाती १० एकरांच्या आतली होती. शेकडा ६० तर ५ एकरांच्याही आतली होती.

त्यातही ही जमीन एका ठिकाणी नव्हती. १५६ खातेदारांच्या जमिनीचे मिळून ७२९ तुकडे होते. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकरापेक्षा लहान, आणि ११२ तुकडे तर पाव एकरापेक्षाही लहान होते. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. एवढ्या पट्टीत नांगर वळवायचा कसा, बांध किती घालायचा आणि राखण कोणी करायची, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही.

येथे विद्यार्थ्यांनी एक हिशेब करून पाहावा. प्रत्येक पिढीत दोन भावांत वाटणी झाली असे धरले, तर ४० एकरांचे पहिल्या वाटणीत २०, दुसऱ्या वाटणीत १०, तिसऱ्या वाटणीत ५, चौथ्या वाटणीत अडीच आणि पाचव्या वाटणीत सव्वा एकर होतात. १७७१ ते १९१५ हा १४४ वर्षांचा, म्हणजे सुमारे पाच पिढ्यांचा काळ होय. प्रत्यक्षात मात्र सरासरी सव्वा एकरावर न येता ७ एकरांवर थांबली. त्या काळात दुष्काळ आणि साथीचे रोग माणसे नेत होते, त्यामुळे प्रत्येक घरात वाटणी मागायला दोन भाऊ जगतच असत असे नाही. जमिनीच्या आकड्यामागे मरणाचाही आकडा लपलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

२. दोन गावे, तीन गट

डॉ. मान यांनी पुढे जातेगाव बुद्रुक या पुणे जिल्ह्यातल्याच, परंतु शहरापासून दूर असलेल्या कोरडवाहू गावाची पाहणी केली. ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही गावांतील कुटुंबांचे त्यांनी तीन गट पाडले. ही गटवारी आपल्या पाठाचा गाभा आहे, म्हणून ती नीट समजून घ्यावी.

पहिला गट : केवळ जमिनीच्या उत्पन्नावर ज्यांचे नीट भागते अशी कुटुंबे.
दुसरा गट : जमिनीवर भागत नाही, परंतु बाहेरची मजुरी किंवा नोकरी जोडली की भागते अशी कुटुंबे.
तिसरा गट : जमीन आणि बाहेरची कमाई दोन्ही धरूनही ज्यांचे भागत नाही अशी कुटुंबे.

पिंपळे सौदागरमध्ये एकूण १०३ कुटुंबे होती. त्यांपैकी पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात २८ आणि तिसऱ्या गटात ६७ होती. जातेगावात १४७ कुटुंबे होती. तेथे पहिल्या गटात १०, दुसऱ्या गटात १२ आणि तिसऱ्या गटात १२५ होती.

आता याचे शेकडा प्रमाण काढू. पहिल्या गटाचे प्रमाण पिंपळ्यात शेकडा ८ च्या आसपास आणि जातेगावात शेकडा ७ च्या आसपास येते. म्हणजे निव्वळ जमिनीवर सुखी असलेल्या घरांचे प्रमाण दोन्ही गावांत जवळजवळ सारखेच. तिसऱ्या गटाचे प्रमाण मात्र पिंपळ्यात शेकडा ६५ आणि जातेगावात शेकडा ८५. हा वीस टक्क्यांचा फरक आला कोठून? तो दुसऱ्या गटात दडलेला आहे. पिंपळ्यात दुसरा गट शेकडा २७ आहे, तर जातेगावात शेकडा ८.

पिंपळे सौदागरला पुणे शहर जवळ होते, खडकीची छावणी आणि दारूगोळ्याचा कारखानाही जवळ होता. तेथे हाताला रोकड काम मिळण्याची शक्यता होती. जातेगावाला ती सोय नव्हती. तेव्हा एका गावाला दुसऱ्यापेक्षा जे थोडे सावरले, ते गावाबाहेरच्या कामाने सावरले. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की खेड्याच्या गरिबीवरचे पुष्कळसे धुके निवळते. आणि असे असूनही पिंपळ्यात तीनांपैकी दोन घरे तोट्यातच होती, हेही विसरता कामा नये. शेजारी कारखाना असणे आणि तेथे सर्वांना पुरेसे, कायमचे काम मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३. डॉ. बाबासाहेबांचे निदान

याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर विलायतेतून परतले होते. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रबंध प्रसिद्ध केला. आपल्या समाजात बाबासाहेबांचे सामाजिक आणि धम्मविषयक लेखन आवर्जून वाचले जाते, पण हा प्रबंध फार थोड्यांनी वाचलेला असतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या पहिल्या इंग्रजी खंडात तो आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो एकदा तरी वाचावा.

त्या वेळचे विद्वान म्हणत होते की जमिनीचे तुकडे एकत्र करा आणि कुटुंबाला पुरेल एवढी जमीन एकेकाच्या नावे ठेवा, म्हणजे प्रश्न सुटेल. बाबासाहेबांनी यातील तीन गाठी उकलून दाखविल्या.

पहिली गोष्ट, विखुरलेली जमीन आणि लहान जमीन हे दोन निराळे प्रश्न आहेत. विखुरलेले तुकडे एकत्र करता येतील, पण त्याने जमीन वाढत नाही. दोन एकर चार ठिकाणी होते ते एका ठिकाणी आले, तरी ते दोन एकरच राहतात.

दुसरी गोष्ट, जमीन लहान की मोठी हे घरात खाणारी तोंडे मोजून ठरत नाही. शेती हा धंदा आहे. त्या जमिनीवर किती भांडवल, किती अवजारे, किती बैल आणि किती श्रम लागतात, या प्रमाणावर ते ठरते. बैल नाही, पाणी नाही, खत नाही अशा माणसाकडे पाच एकर असले तरी त्याच्या साधनांच्या मानाने ते जास्तच होतात. त्या वेळच्या शेतकऱ्याची साधने पाहता त्याची जमीन लहान नसून उलट मोठी आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो त्या काळी अनेकांना चक्रावून टाकणारा वाटला असेल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तुकडे हा मूळ रोग नाही, ते रोगाचे लक्षण आहे. दुसरीकडे कामच नाही म्हणून सगळे भाऊ त्याच जमिनीला चिकटून बसतात. वरून पाहता सर्वजण शेतीत राबताना दिसतात, परंतु त्यांतले कित्येक हात प्रत्यक्षात रिकामेच असतात. ते उत्पन्नात भर घालीत नाहीत, असलेल्या उत्पन्नातून खातात. म्हणून या जादा हातांना उद्योगधंद्यांत काम देणे, म्हणजेच देशाचे औद्योगिकीकरण करणे, हाच शेतीच्या प्रश्नावरचा खरा उपाय होय, असे त्यांनी प्रतिपादन केले. शेतीच्या दुखण्याला कारखान्याचे औषध! डॉ. मान यांच्या दोन गावांतील दुसऱ्या गटाचे आकडे याच निदानाला पुष्टी देतात.

हा विचार बाबासाहेबांनी नंतरही सोडला नाही. १० ऑक्टोबर १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात छोट्या शेतकऱ्यांसंबंधीच्या विधेयकावर बोलताना त्यांनी त्या विधेयकाला विरोध केला. तुकडे एकत्र करण्याच्या नावाखाली लहान खातेदार भूमिहीन होईल, त्यापेक्षा मालकी कायम ठेवून सहकारी पद्धतीने शेती करावी, असे त्यांचे म्हणणे होते. १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १९४७ च्या आपल्या निवेदनात तर शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि ती जातिभेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक रीतीने कसायला द्यावी, अशी योजना त्यांनी मांडली. योजना वेगवेगळ्या, पण एक काळजी सर्वांत समान दिसते. सुधारणा होताना ज्याच्याकडे काहीच नाही त्याचे काय होणार, हा प्रश्न त्यांनी प्रत्येक वेळी विचारला.

४. लोकसंख्या वाढते, घटते आणि जाते

आता लोकसंख्येकडे वळू. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागाची लोकसंख्या १९११ साली सुमारे २ कोटी १५ लाख होती. १९२१ साली ती २ कोटी ८ लाखांवर आली, म्हणजे दहा वर्षांत ती कमी झाली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने आणि त्याच वर्षीच्या अवर्षणाने ही हानी केली. त्यानंतर मात्र संख्या सतत वाढत गेली. १९६१ साली ३ कोटी ९६ लाख, १९९१ साली ७ कोटी ८९ लाख आणि २०११ साली ११ कोटी २४ लाख. २०२१ साली व्हायची जनगणना लांबणीवर पडल्यामुळे गाववार अभ्यासासाठी २०११ चेच आकडे वापरावे लागतात.

विद्यार्थ्यांनी येथे स्वतःला एक प्रश्न विचारावा. १९११ ते १९२१ या काळात माणसे घटली, मग जातेगावासारखी गावे श्रीमंत का झाली नाहीत? तोंडे कमी झाली की वाटा वाढतो, हे खरे असते तर १९२१ साली तेथे शेकडा ८५ घरे तोट्यात दिसली नसती. साथीत तोंडांबरोबर हातही गेले, दुष्काळात बैल गेले, आणि कर्ज मात्र मागे राहिले.

लोकसंख्या घटण्याचा दुसरा प्रकार कोकणात दिसतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर आली. येथे साथ आली नव्हती, माणसे कामासाठी मुंबई-ठाण्याकडे गेली. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया होत्या. हा आकडा पाहिला की चाकरमान्यांची घरे डोळ्यांसमोर उभी राहतात. घरात आजी, आई आणि मुले, कर्ता पुरुष मात्र मुंबईत. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत आणि नगरपालिकेत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांच्या मनीऑर्डरीवर कोकणातली शेकडो घरे उभी राहिली. जनगणनेच्या वहीत ती घरे खेड्यातली, परंतु त्यांचे उत्पन्न शहरातले. डॉ. मान यांच्या भाषेत सांगायचे तर हा दुसरा गट होय. फक्त त्याचे काम तालुक्याबाहेर गेले एवढेच.

संपूर्ण देशातील बौद्धांचे आकडेही हेच सांगतात. २०११ साली देशाची शेकडा ३१ लोकसंख्या शहरांत होती, तर बौद्धांपैकी सुमारे शेकडा ४३ शहरांत राहत होते. त्यांची साक्षरता शेकडा ८१ च्या वर, म्हणजे देशाच्या सरासरीहून शेकडा ८ ने जास्त होती. ज्यांना गावात जमीन नव्हती त्यांनी शाळा आणि शहर या दोन वाटा धरल्या, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

५. जमिनीची वाटणी आज

पिंपळे सौदागरची ७ एकरांची सरासरी शंभर वर्षांपूर्वीची. आज महाराष्ट्रात काय स्थिती आहे? कृषिगणनेप्रमाणे १९७०-७१ साली राज्यात सुमारे ५० लाख वहितीची खाती होती आणि सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर होते. २०१५-१६ साली खाती दीड कोटीच्या वर गेली आणि सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे साधारण ३ एकर १२ गुंठ्यांवर आली. पंचेचाळीस वर्षांत खाती तिप्पट झाली आणि सरासरी क्षेत्र तिसऱ्या हिश्श्यावर आले. तुकडेबंदीचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ सालापासून आहे. कायद्याने खरेदीखत अडवता येते, घरातली वाटणी थांबत नाही. बाबासाहेबांचे निदान शंभर वर्षांनंतरही टिकून आहे ते यामुळेच.

परंतु क्षेत्र लहान म्हणजे उत्पन्न लहानच, असा नियम नाही, हेही बाबासाहेबांनीच शिकविले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण सर्वश्रुत आहे. तेथे पाऊस वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटर किंवा त्याहून कमी पडतो. १९९० च्या दशकात गावाने डोंगरावर चर खणले, बंधारे घातले, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी केली. उसासारखी पाणी पिणारी पिके आणि शेतीसाठी कूपनलिका बंद केल्या आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीप्रमाणे १९९५ साली तेथे दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबे होती, ती पुढील पंधरा वर्षांत ३ वर आली. बाहेर गेलेली काही घरे परत आली. जमीन तेवढीच होती, फक्त तिच्याशी पाणी, दूध-दुभते आणि शिस्त यांची जोड मिळाली. एकराला साधनांची जोड मिळाली की एकर मोठा होतो.

६. सरासरी फसवते

आकडे वाचताना सर्वांत मोठी चूक सरासरीमुळे होते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका गावात दहा घरे आहेत. नऊ घरांचे वार्षिक उत्पन्न प्रत्येकी ६० हजार रुपये आणि दहाव्या घराचे ६ लाख रुपये. एकूण बेरीज ११ लाख ४० हजार, आणि सरासरी १ लाख १४ हजार. अहवालात लिहिले जाईल की गावाचे सरासरी उत्पन्न लाखाच्या वर आहे. पण तेवढे उत्पन्न त्या गावात नऊ घरांनी कधी पाहिलेलेच नाही! म्हणून उत्पन्ने चढत्या क्रमाने लिहून मधले उत्पन्न काढावे. त्याला मध्यक म्हणतात. येथे तो ६० हजार येतो आणि तोच गावाची खरी स्थिती सांगतो.

दुसरी चूक माणसे न मोजल्याने होते. समजा, एका घराचे उत्पन्न ६० हजारांवरून ७२ हजार झाले, म्हणजे शेकडा २० ने वाढले. त्याच काळात घरातील माणसे चाराची पाच झाली. पूर्वी माणशी १५ हजार येत होते, आता १४ हजार ४०० येतात. घराचे उत्पन्न वाढले, माणसाचे घटले. त्यात ज्वारी, तेल आणि औषधे महागली असतील तर खरी घट त्याहून मोठी असते.

तिसरी चूक आपल्या समाजाला विशेष जाचणारी आहे. "खातेदारामागे सरासरी इतके एकर" असे म्हणताना ज्याचे खातेच नाही तो हिशेबातून आपोआप गळतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातील अनुसूचित जातींच्या कामकऱ्यांपैकी सुमारे शेकडा ४६ शेतमजूर होते आणि स्वतःची शेती कसणारे शेकडा १५ च्या आसपास. जमिनीची सरासरी कितीही अचूक काढली तरी या मजुरांविषयी ती एक अक्षर बोलत नाही.

आपल्याकडे महार वतनाची जमीन होती, पण ती गावकीच्या राबणुकीला बांधलेली होती. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा १९५८ चा कायदा पुढे अमलात आला आणि राबणूक सुटली. परंतु वतनाची जमीन आधीच अनेक भावकीत वाटली गेलेली होती. ज्यांना तीही नव्हती त्यांच्यासाठी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. गायरान आणि पडीत जमिनीची मागणी त्यांतून पुढे आली. ज्या घरांकडे वतनाचा किंवा गायरानाचा तुकडा आहे, त्यांनी सातबाऱ्यावरील वारसनोंदी वेळेवर कराव्यात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट असलेली जमीन कोणाच्या तोंडी शब्दावर देऊन टाकू नये, अशी आमची कळकळीची सूचना आहे.

कारण जमिनीची किंमत केवळ पिकावर ठरत नाही. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आहे. तेथे ज्वारी-बाजरीच्या जागी बहुमजली इमारती उभ्या आहेत. ज्या दहा गुंठ्यांत नांगर वळत नव्हता, त्या दहा गुंठ्यांना शहराचा भाव आला. ज्याचे नाव उताऱ्यावर होते त्याला त्या भावातला वाटा मागता आला. ज्याचे नाव नव्हते त्याच्या हाती मजुरी किंवा नोकरी एवढीच राहिली. गाव श्रीमंत होते तेव्हा गावातले सगळेच श्रीमंत होत नाहीत, याचे याहून स्पष्ट उदाहरण दुसरे कोणते?

७. आपल्या वस्तीची पाहणी कशी करावी

डॉ. मान यांना जे जमले ते आपल्या विद्यार्थ्यांना चाळीस-पन्नास घरांच्या वस्तीत सहज जमेल. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-तीन मुलामुलींनी मिळून ही पाहणी करावी. घरी जाताना प्रथम हेतू सांगावा, कोणावर जबरदस्ती करू नये आणि कोणाचे उत्पन्न दुसऱ्या घरी बोलू नये. प्रत्येक घरासाठी वहीचे एक पान ठेवावे व पुढील गोष्टी लिहाव्यात.

(१) घरात राहणारी माणसे आणि कामासाठी बाहेर राहणारी माणसे, दोन्ही वेगवेगळी. स्त्रियांच्या कामाची नोंद विसरू नये. "काही करीत नाही" असे उत्तर आले तरी खुरपणी, जनावरे, विडी किंवा शिवणकाम याबद्दल पुन्हा विचारावे.

(२) जमीन : किती, कोणाच्या नावे, किती तुकड्यांत, पाणी आहे की नाही.

(३) वर्षाचे उत्पन्न : पीक (घरी खाल्लेले धान्यही बाजारभावाने धरावे), मजुरी, दूध, नोकरी, निवृत्तिवेतन, बाहेरून आलेले पैसे.

(४) कर्ज : बँक, सोसायटी, बचतगट, खाजगी सावकार, सोन्यावरचे. आम्ही बँकेतील माणसे येथे एक ताकीद देऊ इच्छितो. कर्ज हे उत्पन्न नव्हे. हातात रक्कम आली म्हणून ती उत्पन्नाच्या रकान्यात लिहू नये, त्यावरचे व्याज मात्र खर्चाच्या रकान्यात जरूर लिहावे.

(५) शिक्षण : प्रत्येकाने कोणत्या इयत्तेपर्यंत शिक्षण घेतले आणि सोडले असल्यास का सोडले.

हे झाले की तीन गट पाडावेत आणि मध्यक काढावा. तिसऱ्या गटातील प्रत्येक घरापुढे एकच कारण लिहावे : जमीन नाही, पाणी नाही, काम नाही, आजारपण, की कर्ज. अशा यादीवरून संस्थेला शिष्यवृत्ती कोणाला द्यावी, कोणत्या घराला योजनेचा अर्ज भरून द्यावा आणि कोणत्या मुलाला तंत्रशिक्षणाची वाट दाखवावी, हे ठरवता येईल. आजवर आपण ओळखीवर आणि ऐकीव माहितीवर मदत देत आलो. यापुढे ती आकड्यांच्या आधारे देता येईल.

समारोप

लोकसंख्या आणि उत्पन्न हे दोन आकडे एकमेकांशी थेट बांधलेले नाहीत. त्यांच्यामध्ये काम उभे आहे. माणसे वाढली आणि काम वाढले नाही, तर जमीन तुटते. माणसे घटली आणि काम वाढले नाही, तरी गरिबी राहते. काम वाढले पण ते मिळण्याची पात्रता, म्हणजे शिक्षण, नसेल तर शेजारी कारखाना असूनही घर तिसऱ्या गटातच राहते. म्हणून दोन एकरांच्या तीन वाटण्यांसाठी भावाभावांनी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा त्यातला पैसा धाकट्याच्या शिक्षणाला लावणे हे अधिक शहाणपणाचे होय. मात्र हक्काची जमीन असेल तर तिच्यावरचे नावही सोडू नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पिंपळे सौदागर आणि जातेगाव बुद्रुक येथील तिन्ही गटांचे शेकडा प्रमाण काढा व फरकाचे कारण लिहा.

२. विखुरलेली जमीन आणि लहान जमीन यांतील भेद आपल्या गावच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

३. आपल्या आजोबांच्या काळी घरात किती जमीन, किती माणसे आणि किती कमावते होते? आज किती आहेत? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

४. आपल्या वस्तीतील दहा घरांच्या उत्पन्नाची सरासरी आणि मध्यक काढा. दोहोंत फार अंतर आढळल्यास त्याचे कारण शोधा.

पाहणीची वही पूर्ण झाल्यावर घरांची नावे काढून तिची एक प्रत संस्थेच्या ग्रंथालयात ठेवावी. दहा वर्षांनी दुसरी तुकडी तीच वस्ती पुन्हा मोजील, तेव्हा कोणते घर तिसऱ्या गटातून दुसऱ्यात आले आणि कशामुळे आले, हे तिला त्या वहीवरून सांगता येईल.